उशांचा योग आणि वावरातला योग: एका व्हॉट्सॲप संदेशाचा प्रतिवाद

गेल्या महिन्यात आमच्या गावाच्या व्हॉट्सॲप गटावर एकच संदेश तीन वेगवेगळ्या जणांनी टाकला. ‘उशांचा योग: एक परदेशी थोतांड’ असा त्याचा मथळा होता. त्याचा आशय थोडक्यात असा: लोड, उशा, पट्टे आणि ठोकळे घेऊन अंधाऱ्या खोलीत पडून राहण्याला आजकाल विश्रांतीचा योग म्हणतात, आपल्या शास्त्रात अशा साहित्याला जागा नाही, हे अमेरिकेतून आलेले फॅड आहे, ज्यांना खरी आसने जमत नाहीत त्यांनी शोधलेली ही पळवाट आहे आणि घाम आला नाही तर शरीराला काही मिळत नाही, शेतात राबणाऱ्याला तर याची गरजच नाही, कारण त्याचा योग वावरातच होतो, पडायचेच असेल तर सरळ झोपावे, साहित्यावर हजारो रुपये घालवायला लावणे हा निव्वळ धंदा आहे, आणि यातून रक्तदाब व साखर बरी होते असे सांगणारे लोक फसवणूक करतात.

मी यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात गेली अकरा वर्षे समाजमंदिरात योगाचा वर्ग घेते. पाच दिवस उभी-बैठी आसने आणि प्राणायाम असतो. शनिवारी सायंकाळी मात्र तासभर केवळ आधार घेऊन करायची आसने असतात. संदेशात कोणाचेही नाव नाही, तरीही त्यानंतरच्या शनिवारी नेहमीच्या चौदा जणींपैकी नऊच आल्या. आलेल्यांपैकी एकीने सासूबाईंचे वाक्य ऐकवले: ‘‘घरी बाज नाई काय वं, तिथं पडाले जातं तं?’’ प्रश्न अगदीच चुकीचा नाही, आणि संदेशातला शेवटचा आरोपही बऱ्याच अंशी खरा आहे. म्हणूनच सगळा संदेश एका फटक्यात उडवून न लावता त्यातील एकेक मुद्दा तपासणे मला योग्य वाटते.

पहिला आरोप शास्त्राचा. पतंजलींच्या संपूर्ण योगसूत्रात आसनाविषयी अवघी तीन सूत्रे आहेत. त्यांतले पहिले, ‘स्थिरसुखमासनम्’, बहुतेकांना पाठ असते. आसन स्थिर असावे आणि सुखाचे असावे, एवढेच ते सांगते. या सूत्रावरील व्यासभाष्यात काही आसनांची नावे दिली आहेत. पद्मासन, वीरासन, भद्रासन, स्वस्तिक, दंडासन या परिचित नावांनंतर लगेच एक नाव येते: सोपाश्रय. शब्द फोडला की अर्थ स्वच्छ दिसतो. उपाश्रयासह, म्हणजे आधारासहित. पुढे वाचस्पतिमिश्रांनी आपल्या टीकेत हा आधार म्हणजे योगपट्ट असे स्पष्ट केले. योगपट्ट म्हणजे बसल्यावर कंबर आणि गुडघे यांना वेढून बांधायचा पट्टा. योगनरसिंहाच्या मूर्तीत गुडघ्यांभोवती जो पट्टा कोरलेला असतो, तोच हा. समर्थ रामदासांचे कोणतेही चित्र काढून पाहावे; त्यांच्यापाशी कुबडी दिसतेच, आणि ती बसल्यावर हात टेकवण्यासाठी असते, लंगडेपणासाठी नव्हे. गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानाला बसण्याची जागा सांगताना ती फार उंच नको, फार सखल नको आणि तिच्यावर दर्भ, मृगाजिन व वस्त्र असे थर असावेत, एवढा तपशील आला आहे. ज्या परंपरेने बैठकीच्या थरांचा क्रमही सांगून ठेवला, तिला साहित्य वर्ज्य होते असे म्हणता येत नाही.

विश्रांतीविषयीही तेच. स्वात्मारामांच्या हठप्रदीपिकेत शवासनाचे वर्णन एका श्लोकात आहे: जमिनीवर प्रेतासारखे उताणे पडणे हे शवासन, ते थकवा घालवते आणि चित्ताला विश्रांती देते. पडून राहण्याला आसन म्हणण्याचे धाडस त्या ग्रंथाने काही शतकांपूर्वीच केले आहे.

मात्र येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. लोडावर छाती टेकून दहा मिनिटे राहणे किंवा पाठीच्या कण्याखाली गुंडाळी ठेवून पाय जुळवून पडणे, ही आजची मांडणी कोणत्याही प्राचीन ग्रंथात जशीच्या तशी सापडणार नाही. ती विसाव्या शतकातली आहे. पण ती अमेरिकेत जन्मली का? कर्नाटकातील बेल्लूर या खेड्यात १९१८ साली जन्मलेले बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्याला शिकवण्यासाठी आले आणि २०१४ मध्ये निधन होईपर्यंत पुणे हीच त्यांची कर्मभूमी राहिली. लहानपणी ते स्वतः दुखण्यांनी पिचलेले होते. आजारी, वयस्क आणि ताठर शरीराच्या माणसालाही आसनात राहता यावे म्हणून त्यांनी लाकडी ठोकळे, पट्टे, भिंतीतले दोर, लोड आणि घडीच्या खुर्च्या यांचा पद्धतशीर वापर बसवला. पुण्यातील त्यांची संस्था १९७५ मध्ये उभी राहिली. त्यांच्याकडे शिकलेल्या ज्युडिथ हॅन्सन लॅसेटर या अमेरिकन शिक्षिकेने पुढे त्यातील विश्रांतीचा भाग वेगळा काढून तिकडे रुजवला, त्यावर १९९५ मध्ये पुस्तक लिहिले, आणि आज प्रचलित असलेले ‘रिस्टोरेटिव्ह योग’ हे इंग्रजी नाव त्यातूनच सर्वदूर पोहोचले. वऱ्हाडच्या माणसाला ही गोष्ट नवी वाटू नये. इंग्रजांच्या काळात आपल्याच काळ्या जमिनीतला कापूस गाठी बांधून विलायतेला जायचा आणि कापड होऊन परत यायचा. कापड विलायती म्हणून विकले जाई, पण बोंड तिकडे फुटलेले नसे.

दुसरा आरोप पळवाटीचा आणि घामाचा आहे. घामच फायद्याचे माप असेल, तर मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याकडे बसल्या जागी सगळेच योगी ठरतील. आसनाविषयीच्या तीन सूत्रांतले दुसरे सूत्र ‘प्रयत्नशैथिल्य’ हा शब्द वापरते, म्हणजे प्रयत्न सैल करणे. आसनाची सिद्धी जोर वाढवून होते असे ते म्हणत नाही, जोर उतरवून होते असे म्हणते. हे वाक्य ज्यांनी प्रत्यक्ष करून पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे की जोर उतरवणे ही गोष्ट सांगून होत नाही. खांदे सैल सोडा, असे मी पन्नासदा सांगितले तरी खांदे सुटत नाहीत, कारण हात अधांतरी आहे आणि तो कोणीतरी धरून ठेवलाच पाहिजे हे स्नायूला माझ्यापेक्षा चांगले कळते. त्या हाताखाली चार घड्यांची गोधडी सरकवली की न सांगता खांदा खाली येतो. साहित्याचे काम एवढेच आहे. शरीर आणि जमीन यांच्यामध्ये जिथे पोकळी राहते तिथे काहीतरी भरायचे, म्हणजे तो भाग तोलून धरण्याची स्नायूंची चाकरी थांबते. मी नव्या माणसाला एकच कसोटी सांगते: पडलेल्या माणसाच्या कमरेखाली, मानेखाली, गुडघ्याखाली हात सरकवून पाहावा, तो सहज आरपार जात असेल, तर तिथे आधार कमी आहे.

राहिली पळवाट. तरुणपणी कुस्ती खेळलेले एक गृहस्थ आमच्या वर्गात येतात. आजही ते माझ्यापेक्षा जास्त वेळ शीर्षासनात राहतात. पहिल्या शनिवारी त्यांना लोडावर पाठ टेकून पंधरा मिनिटे पडायला सांगितले. तिसऱ्या मिनिटाला त्यांचे डोळे उघडले, पाचव्याला पायाचा अंगठा हलू लागला, सातव्याला ते उठून बसले आणि म्हणाले, ‘‘ताई, यापेक्षा दोनशे बैठका मारतो मी.’’ जे सोपे असते त्यापासून माणूस असा उठून बसत नाही. अर्थात, केवळ आधाराची आसने करून स्नायूंना ताकद येत नाही, दम वाढत नाही आणि वजनही उतरत नाही. त्यासाठी चालणे, सूर्यनमस्कार, उभी आसने हीच कामाची. एका कामाचे अवजार दुसऱ्या कामाला चालले नाही म्हणून ते खोटे ठरत नाही. पिकातले तण काढणाऱ्या डवऱ्याने नांगरणी होत नाही, तरी डवरा शेतातून कोणी फेकून देत नाही.

आता तिसरा मुद्दा, जो मला सर्वांत जास्त लागला: शेतात राबणाऱ्याला याची गरज नाही. हे वाक्य लिहिणाऱ्याने बहुधा धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहून वावर पाहिले असावे. कापूस वेचणीला जाणाऱ्या बाईचा दिवस घ्या. पहाटे पाणी, चूल, डबे, मग कमरेला ओटी बांधून वावरात. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचे झाड, कमरेइतकी असते, त्यामुळे बाई धड उभी नसते आणि धड बसलेलीही नसते. पाठ अर्धी वाकलेली, मान पुढे, दोन्ही खांदे पुढे ओढलेले, आणि बोटे एकाच चिमटीच्या हालचालीत तासन्‌तास. ओटी भरत जाते तसा कमरेवर पुढच्या बाजूने भार वाढतो. मजुरी किलोवर असल्याने मध्ये पाठ सरळ करणे म्हणजे पैसे सोडणे. सोयाबीन सोंगताना उकिडवे बसून विळा चालवायचा, निंदणातही तेच बसणे, आणि पुरुषाच्या पाठीवर फवारणीचा पंधरा-सोळा लिटरचा पंप. हे सगळे कष्ट आहेत यात वाद नाही, पण ते एकाच दिशेचे आहेत. कष्टाने शरीर पुढे मिटत जाते. ते उलगडण्याची एकही हालचाल दिवसभराच्या कामात नसते. दुपारी निंबाखाली अर्धा तास डबा खाऊन पाठ टेकली तरी तीही बहुधा कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, म्हणजे पुन्हा मिटलेल्याच आकारात. ‘वावरातच योग होतो’ हे वाक्य ऐकायला गौरवाचे आहे, पण राबणाऱ्याला आणखी काही मिळण्याची गरज नाही असे ठरवण्यासाठी ते सोयीचेही आहे.

मागील वर्षी वेचणीच्या ऐन हंगामात एक काकू पहिल्यांदा शनिवारी आल्या. वय पन्नाशीच्या पुढचे. बोंडाच्या वाळलेल्या टरफलांनी त्यांच्या नखांच्या कडा फाटलेल्या होत्या आणि त्यांवर खोबरेल तेल लावलेले होते. त्यांना आडवे करून गुंडाळलेली गोधडी पाठीच्या मध्यापासून डोक्यापर्यंत लांबीने ठेवली, डोक्याखाली आणखी एक घडी दिली, दोन्ही गुडघ्यांखाली वीतभर उंचीचा दुसरा गुंडाळा घातला, हात बाजूला पसरून कोपराखाली लुगड्याच्या घड्या दिल्या. पाठ टेकली, गुडघे सैल झाले, श्वासही बराच खाली उतरला. पण तळहात वर असूनही बोटे उघडेनात. अंगठा आणि पहिली दोन बोटे चिमटीत मिटलेली, जणू अजून बोंडातच आहेत. त्यांच्या ते लक्षातही नव्हते. मी हळूच हाताला स्पर्श केला तेव्हा त्यांनी मान न हलवता विचारले, ‘‘माये बोटं काई सुटून नाई रायले काय, ताई?’’ मी काही बोलले नाही. वाळूची लहान पुरचुंडी त्या तळहातावर ठेवली, इतकी हलकी की भार वाटू नये, फक्त जाणवावी. सहा-सात मिनिटांनी आधी करंगळीकडची बोटे आणि सगळ्यांत शेवटी अंगठा, असा तो हात पुरचुंडीखाली उलगडला. यात चमत्कार नाही. दिवसभर एका कामाला जुंपलेला स्नायू काम संपल्याची वर्दी मिळेपर्यंत धरून ठेवतो, आणि ती वर्दी त्याला धाक घालून देता येत नाही. सोमवारी काकू पुन्हा वेचणीला गेल्या, बोटे पुन्हा मिटली असणार. पुढच्या शनिवारी त्या परत आल्या एवढे मात्र खरे.

‘पडायचेच तर झोपा’ या मुद्द्याला मी निम्मा होकार देते. झोपेची जागा कोणतेही आसन घेत नाही, आणि गावात ज्याला झोप कमी पडते त्याने आधी झोपावे. पण झोप कमी का पडते तेही पाहिले पाहिजे. शेतीपंपाची वीज आलटून-पालटून रात्रीची येते, तेव्हा हरभऱ्याला पाणी द्यायला माणूस रात्री एक वाजता बॅटरी घेऊन निघतो. रोही (नीलगाय) आणि रानडुकरांपासून पीक राखायला जागलीवर जाणारे तर हंगामभर मचाणावर अर्धवट डुलक्यांवर काढतात. अशा माणसाला दिवसा आडवे केले की तो पाचव्या मिनिटाला घोरतो. माझ्या वर्गात त्याला कोणी उठवत नाही. त्याच्या अंगावर दुपट्टा टाकायचा आणि पुढे जायचे, हा नियम आहे. मात्र दोन-तीन आठवड्यांनी तोच माणूस घोरत नाही, जागा असतो आणि तरी हलत नाही, तेव्हा झोप आणि हा सराव यांतला फरक त्याचा त्यालाच कळतो. झोपेत आपण गैरहजर असतो. येथे श्वास आत येताना आणि बाहेर जाताना आपण हजर असतो, फक्त त्याला काही करायला सांगत नाही. उच्छ्वास लांबला की हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, हे नाडीवर बोट ठेवून कोणालाही तपासता येते. ज्यांच्या डोक्यात सोसायटीचे कर्ज, कापसाचा भाव आणि मुलीचे कॉलेज एकाच वेळी फिरत असते, त्यांना अंथरुणावर पडल्या पडल्या झोप लागत नाही ही तक्रार मी सर्वांत जास्त ऐकते. त्यांनी ‘सरळ झोपावे’ हा सल्ला म्हणजे भूक लागलेल्याला ‘सरळ जेवावे’ असे सांगण्यासारखा आहे.

खर्चाचा मुद्दा लवकर संपतो. दुकानात मिळणारे साहित्य महाग असते हे खरे, आणि ते घ्यायलाच हवे असे सांगणारा शिक्षक विक्रेता आहे हेही खरे. पण ज्या भागात कापूस पिकतो तिथे लोडासाठी ऑनलाइन मागणी नोंदवावी लागावी, यासारखा विनोद नाही. जुनी गोधडी घट्ट गुंडाळून दोन ठिकाणी नाडीने बांधली की लोड तयार. लुगड्याची उभी पट्टी हा पट्टा. भट्टीतली एक पक्की वीट, जुन्या साडीत गुंडाळलेली, हा ठोकळा. धुतलेली वाळू भरलेली कापडी पुरचुंडी हे वजन, दुपट्टा हा डोळ्यांवरचा पडदा, आणि बाज तर प्रत्येक घरी आहे. बाजेसमोर जमिनीवर पडून पोटऱ्या बाजेवर ठेवल्या की गुडघे आणि कंबर जवळपास काटकोनात येतात आणि कमरेची कमान जमिनीला टेकते. दिवसभर वाकलेल्या पाठीला यापेक्षा सोपे काही मी अजून पाहिलेले नाही. बाजेच्या कडेचा गात, म्हणजे लाकडी दांडा, पोटरीला रुतू नये म्हणून घडी घालावी, एवढीच काळजी. सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर खरे तर यातच आहे: घरी बाज आहेच, फक्त तिच्यावर न पडता तिच्यासमोर जमिनीवर पडायचे.

अंधारी खोली आणि शांतता यांची संदेशात जी टिंगल आहे, तिच्याविषयी थोडे. आमच्या समाजमंदिराच्या एका बाजूला पिठाची चक्की आहे आणि दुसऱ्या बाजूला मंदिराचा भोंगा. खोली बंद करून आवाज थांबत नाही. सुरुवातीला मी तो झाकण्यासाठी मोबाइलवर बासरी लावत असे. ते बंद केले, कारण आवाजावर आवाज चढवल्याने शांतता होत नाही. आता मीच बोलणे थांबवते. आसन बसवून झाले की दहा-बारा मिनिटे एकही सूचना नाही. चक्की चालू असते, कुणाची तरी बैलबंडी जाते, आणि तरीही खोलीत काहीतरी निवते. सेवाग्रामच्या प्रार्थनेतले मौन आणि तुकडोजी महाराजांनी गुरुकुंज मोझरीतून गावोगावी रुजवलेले सामुदायिक ध्यान ज्या प्रदेशाला परिचित आहे, तिथे काही माणसांनी एकत्र येऊन न बोलता थांबणे हे परदेशी म्हणावे, याचे मला खरोखर आश्चर्य वाटते. अंधाराचे कारण याहून साधे आहे. डोळ्यांवर उजेड आला की पापण्या आवळतात, पापण्या आवळल्या की कपाळ आवळते. आणि स्थिर पडलेले शरीर थोडे थंड होते, म्हणून डिसेंबरात पांघरूण आवश्यक. थंडी वाजली की सगळे कमावलेले सैलपण पाच मिनिटांत जाते.

उरला शेवटचा आरोप, आणि त्यात मी संदेश लिहिणाऱ्याच्या बाजूने आहे. आधाराची आसने करा आणि गोळ्या बंद करा, असे कोणी सांगत असेल तर तो माणूस धोकादायक आहे. ही अतिशयोक्ती आजची नाही. हठप्रदीपिकासुद्धा विपरीतकरणीने, म्हणजे डोके खाली आणि पाय वर ठेवण्याने, सहा महिन्यांत सुरकुत्या आणि पांढरे केस दिसेनासे होतात असे सांगते, आणि माझ्या केसांकडे पाहून वर्गातल्या बायका त्यावर हसतात. प्रत्यक्ष पुरावा किती आहे? मुंबईतील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. बऱ्याच जणांचा रक्तदाब उतरला, काहींची औषधाची मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी करता आली, काहींना फारसा उपयोग झाला नाही. आजच्या निकषांनी तो लहान अभ्यास आहे. पुढे कॅलिफोर्नियात वाढलेली साखर, कंबरेचा घेर, रक्तदाब असे धोके एकत्र असलेल्या १८० जणांचे दोन गट करून जवळपास वर्षभर एका गटाला आधाराची आसने आणि दुसऱ्याला साधे ताण देण्याचे व्यायाम शिकवले गेले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार उपाशीपोटीची साखर आधाराच्या आसनांच्या गटात थोडी अधिक उतरली. इतर मोजमापांत त्या गटाला सरसपणा दिसला नाही. ‘थोडी’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. जो ‘बरी होते’ म्हणतो तो चूक, आणि ‘काहीच होत नाही’ म्हणणाराही चूक. ग्रामीण रुग्णालयातून मिळणारी गोळी चालू ठेवावी, मोजणी चुकवू नये, आणि मात्रेत बदल फक्त डॉक्टरांनी करावा.

निरुपद्रवी म्हणून हा सराव बेफिकिरीने शिकवण्यासारखाही नाही, हे मी माझ्याच चुकीतून शिकले. वर्गाच्या दुसऱ्या वर्षी रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या एका वयस्क काकांना मी भिंतीला पाय लावून बारा मिनिटे ठेवले आणि वेळ संपताच ‘उठा’ म्हटले. ते ताठ उठून उभे राहिले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि खांबाला धरले नसते तर पडले असते. चूक आसनाची नव्हती, माझी होती. पाय वर असताना शरीर एका व्यवस्थेला सरावते. ते बदलायला वेळ द्यावा लागतो. तेव्हापासून कोणत्याही आसनातून बाहेर येताना आधी गुडघे वाकवायचे, उजव्या कुशीवर वळायचे, तिथे दहा श्वास थांबायचे, मग हाताने रेटून बसायचे आणि बसल्यावरही लगेच उभे राहायचे नाही. काचबिंदू असलेल्यांनी डोके खाली जाईल असे काही करू नये. ज्यांना जेवणानंतर छातीत जळजळते त्यांनी सपाट न पडता डोके व छाती उंच ठेवावी. गरोदर बाईने पोट वाढल्यावर उताणे पडून राहू नये. डाव्या कुशीवर, दोन गुडघ्यांमध्ये आणि पोटाखाली घडी घेऊन पडावे, तेही दवाखान्यात विचारून. कंबरेतून पायात कळ जात असेल तर आधी तपासणी, मग वर्ग.

हाच मजकूर थोडा कमी करून मी गटावर टाकला आहे. त्याखाली आतापर्यंत दोन अंगठे आणि एक ‘तरी पण’ आले आहे. वेचणी संपेपर्यंत शनिवारचा वर्ग साडेसात वाजता, स्वयंपाक आटोपल्यावर होईल. समाजमंदिरात सहाच गोधड्या आहेत, त्यामुळे येणाऱ्याने आपली गोधडी आणि एक दुपट्टा आणावा, जेवून किमान दोन तास झालेले असावेत, आणि चालू असलेल्या औषधांची चिठ्ठी पहिल्या दिवशी मला दाखवावी.